मॅट्रिकच्या पोटातली आई

मुलगा मॅट्रिक झाला की गावभर पेढे वाटले जात, तो काळ आमच्या पिढीने पाहिला. या शब्दाच्या पोटात आई दडली आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

लॅटिनमध्ये आईला ‘मातेर’ म्हणतात. संस्कृत ‘मातृ’, फारसी ‘मादर’, इंग्रजी ‘मदर’ ही तिची भावंडे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला. लॅटिनमध्ये पातेर, मातेर, फ्रातेर. संस्कृतात पितृ, मातृ, भ्रातृ. अशी सबंध रांगच जुळते, म्हणून अभ्यासक हे नाते मानतात. नुसता ‘म’ जुळून भागत नाही. कन्नड ‘अम्म’मध्येही ‘म’ आहे, पण ते कुळ वेगळे. तान्ह्या मुलाच्या ओठांवर ‘म’ लवकर येतो, म्हणून तो अनेक भाषांत आईला चिकटला.

‘मातेर’पासून ‘मात्रिक्स’ झाला. त्याचा अर्थ आधी विणीसाठी राखलेली मादी, मग गर्भाशय, पुढे नोंदवही. त्याचेच लहान रूप ‘मात्रिकुला’, म्हणजे नावांची यादी, आपल्या भाषेत पट. विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे म्हणजे मॅट्रिक्युलेशन. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच हे नाव पडले आणि लोकांनी त्याचे ‘मॅट्रिक’ केले.

दुसरा शब्द ‘मातेरिया’. फांद्यांना जन्म देणारा झाडाचा बुंधा तो मातेरिया, असे मानतात. पुढे इमारती लाकूड आणि मग कोणताही पदार्थ असा त्याचा अर्थ वाढला. घर बांधताना आपण ‘मटेरियल’ आणतो, ते इथलेच. पोर्तुगीजांनी लाकडाला ‘मदैरा’ म्हटले आणि दाट झाडीच्या एका बेटालाही तेच नाव दिले.

तिसरा शब्द आपल्या अधिक जवळचा. मध्ययुगीन युरोपात धर्म, विद्या आणि दरबारी लिखाण लॅटिनमध्ये चाले. घरात बोलली जाई ती ‘लिंग्वा मातेर्ना’, म्हणजे आईची भाषा. पंडित तिला कमी लेखत. पण याच घरगुती बोलींना लेखक मिळाले, शाळा मिळाल्या आणि त्यांच्या इटालियन, फ्रेंच, जर्मन या मोठ्या भाषा झाल्या. लॅटिनचा मान टिकला, पण आज ती कोणत्याही मुलाची घरची भाषा नाही.

आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, असे ते सांगते. ही सोय मागायची तर त्या भाषेची मुले किती, हे कागदावर दिसावे लागते. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच: शाळेत नाव घालताना मातृभाषेचा रकाना घाईने किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून भरू नका. घरी मराठी बोलता तर मराठीच लिहा. शेजारी कन्नड, उर्दू वा कोकणी बोलत असेल, तर त्यानेही आपली भाषा लिहावी. आणि फॉर्म देण्यापूर्वी तो रकाना एकदा स्वतः वाचून पाहा.