गंजाखालची रेघ

गंजलेलं कुऱ्हाडीचं पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं आणि सकाळी तारेच्या ब्रशनं घासायचं. गंज तर निघतोच. पण कुऱ्हाड पुरेशी जुनी असली, तर धारेपासून दोन-चार बोटं मागे एक नागमोडी रेघ उमटते. रेघेच्या पुढचा भाग काळपट, मागचा फिकट राखाडी. ही रेघ कुणी कोरलेली नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुणा लोहारानं दोन वेगळे धातू एकजीव केले, त्याचा तो सांधा!

त्या काळी पोलाद महाग. बेसेमरनं स्वस्त पोलादाची पद्धत आणली ती १८५६ साली, आणि ती रुळायलाही वेळ गेला. अख्खी कुऱ्हाड पोलादाची करणं परवडायचं नाही. मग अंग लोखंडाचं, ओठ तेवढा पोलादाचा. लोखंडाला चीर पाडायची, तीत पोलादाची पट्टी बसवायची, टाकणखार टाकून पांढरं होईतो तापवायचं आणि घणाखाली जोडायचं. मऊ लोखंड दणका सोसतं, कडक पोलाद धार धरतं. आम्ल लागलं की कार्बनमुळे पोलाद काळवंडतं. लोखंडात कार्बन नावापुरता, म्हणून ते उजळ राहतं. एवढंच गुपित. तरी दर वेळी ती रेघ वर येताना पाहिली की फोटो धुताना पाहिल्यासारखं वाटतं.

कनेटिकटमधली कॉलिन्स ही कुऱ्हाडी बनवणारी कंपनी १८२६ साली सुरू झाली आणि १९६६ साली बंद पडली. तिच्यामुळे गावाचंच नाव कॉलिन्सव्हिल झालं. संग्राहक तिचा शिक्का भिंगातून शोधतात. मला मात्र शिक्क्यापेक्षा तुंबा, म्हणजे दांड्याच्या नेढ्यामागचा भाग, पाहावासा वाटतो. युरोपातून आलेल्या कुऱ्हाडींना तुंबा जवळजवळ नव्हताच. अमेरिकेत अठराव्या शतकात तो जाड होत गेला. नेढ्याच्या मागे वजन आलं, पातं तोललं गेलं आणि घाव डगमगेनासा झाला.

अशा कुऱ्हाडीचं सगळ्यात मोठं नुकसान गंज करत नाही, हौशी माणूस करतो. विजेच्या ग्राइंडरवर पातं धरलं की काही सेकंदांत धारेवर निळी झाक येते. म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. ती धार पुन्हा टिकत नाही. म्हणून जाणते लोक कानस घेऊन बसतात, तासन् तास, मग दगडावर पाजवतात.

आणि दांडा. आपली म्हण त्याला गोतास काळ ठरवते, पण आधी मरतो तोच. बहुतेक जुनी पाती बिनदांड्याचीच सापडतात. नवा दांडा शक्यतो हिकरीचा, चिवट आणि लवचिक. टोकाकडून पाहिलं तर लाकडाच्या रेषा धारेला समांतर हव्यात. आडव्या गेल्या तर दांडा लवकर मोडतो. पाचर ठोकायची, जवसाचं तेल चोळायचं.

तुमच्याकडे माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड पडून असेल, तर भंगारात देण्याआधी तिला एक रात्र व्हिनेगरमध्ये ठेवून बघा. आणि रेघ दिसली, तर धार लावायला ग्राइंडरवाल्याकडे मुळीच नेऊ नका.