आटे गेल्यावर

‘आटे गेले’ असे गॅरेजमध्ये ऐकले की गाडीचा मालक मनातल्या मनात नव्या हेडच्या किमतीचा हिशेब करू लागतो. बोल्टचे डोके तुटून दांडा आतच राहिला, तर धास्ती आणखी वाढते. इंजिन आता पहिल्यासारखे राहणार नाही, जे काही होईल ती वेळ मारून नेणारी मलमपट्टीच, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. ॲल्युमिनियममधले गेलेले भोक नीट दुरुस्त केले, तर ते बहुधा मूळच्या भोकापेक्षा बळकट होते. लायकोमिंग आणि काँटिनेंटल या विमान-इंजिनांच्या हेडमध्ये तर स्पार्क प्लगच्या भोकात पोलादी आटे कारखान्यातच बसवलेले असतात.

आटे जातात का, हे समजण्यासाठी पोर्शे ९११ ही जर्मन गाडी पाहावी. तिच्या हवेने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती चार लांब स्टड असतात. असे एकूण २४ स्टड क्रँककेसमध्ये आट्यांनी पकडलेले असतात आणि तेच हेड व सिलिंडर आवळून धरतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वजन कमी करण्यासाठी पोर्शेने ही क्रँककेस ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केली. पुढे इंजिन वाढत गेले आणि १९७४पर्यंत २.७ लिटरचे झाले. अमेरिकेत विकायच्या गाड्यांना धूर कमी करण्यासाठी हेडला लागूनच थर्मल रिॲक्टर बसवले गेले आणि उष्णता आणखी वाढली.

इथे धातूंचे प्रसरण आडवे आले. शंभर मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा शंभर अंशांनी तापवला, तर तो सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतो. मॅग्नेशियम त्याहून थोडे जास्त वाढते. पोलाद मात्र जेमतेम ०.१२. इंजिन तापले की सिलिंडर आणि हेड वाढू पाहतात, पोलादी स्टड तेवढा वाढत नाही, त्याच्यावरचा ताण चढतो आणि तो सगळा मऊ मॅग्नेशियममधल्या आट्यांवर येतो. २.७ लिटरच्या इंजिनांमधून स्टड आट्यांसकट उपटून येऊ लागले. मग पोर्शेने डिलावार नावाच्या खास मिश्रधातूचे स्टड वापरले. ते जवळजवळ ॲल्युमिनियमइतके प्रसरण पावत, पण ओलाव्याने गंजून त्यांना तडे जात आणि ते अचानक तुटत. १९७८च्या ९११ एससीला पुन्हा ॲल्युमिनियमची क्रँककेस आली. एकाच इंजिनाच्या इतिहासात उपटलेले आटे आणि तुटलेला स्टड ही दोन्ही दुखणी सापडतात. ती मॅग्नेशियमची इंजिने आजही धावतात, ती २४ भोके मोठी करून त्यांत पोलादी आटे बसवल्यामुळे.

अमेरिकेतल्या फोर्डच्या व्ही-८ इंजिनांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. काही हेडमध्ये प्लग धरायला चार-पाचच आटे होते. चालत्या गाडीत प्लग उडून बाहेर येण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की फक्त त्या दुरुस्तीसाठी वेगळी हत्यारे बाजारात आली.

आपल्याकडचे कारण बहुतेक वेळा याहून साधे असते, ते म्हणजे हाताचा जोर. सहा मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये साधारण दहा न्यूटन-मीटरवर आवळतात. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेतीन किलोहून कमी जोर दिला की तेवढे पुरते. तिथे पान्याला पाईप लावणे म्हणजे आटे कापून काढणेच. शिवाय पान्यावर दिलेल्या जोरातला सुमारे नऊ-दशांश भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो, उरलेला एक-दशांश खरी पकड देतो. त्यामुळे कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर पकड कितीतरी जास्त बसते. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचले असेल, तर बोल्टखाली दाबलेले तेल बाहेर पडू शकत नाही आणि ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. भोक पुसून, हवा मारून कोरडे करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दुसरे कारण चुकीचा बोल्ट. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळवलेल्या विलीज जीपचे आटे इंची मापाचे होते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट त्या भोकात दोन फेरे जातो आणि मग अडतो. आट्यांमधले अंतर वेगळे असते. तिथे जोर लावला की भोक कामातून गेले. हा घोळ जुनाच आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले, तोवर इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंश सुचवले आणि आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही तोच आहे. जर्मन इंजिनाच्या भोकाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारता येतो, तो या प्रमाणांमुळे.

आता तुटलेला बोल्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड सर्वात जास्त तुटतात, कारण ते रोज तापतात, निवतात आणि गंजतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या सांध्यात पांढरी बुकी धरते. ही बुकी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि बोल्ट जॅम करून टाकते. आधी झिरपणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. मग थोटुकावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करावे. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून हेडला धोका कमी. खरा फायदा उष्णतेचा असतो, कारण थोटूक तापून निवताना गंजाची पकड मोडते. नट कोमट असतानाच पुढे-मागे, पुढे-मागे करत सोडवावा, एका दमात पिळू नये. गाडीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल, तर वेल्डिंगआधी बॅटरीचे टर्मिनल काढलेच पाहिजे.

वेल्डिंगला जागाच नसेल, तर ड्रिल. इथे कसब मध्यबिंदूत आहे. पोलाद कडक आणि भोवतालचे ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे पंच जरा बाजूला पडला की ड्रिल मऊ बाजूला सरकते. डाव्या हाताचे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण ते उलटे फिरते आणि कधीकधी भोक पाडता पाडताच थोटूक बाहेर घेऊन येते. थोटूक उलटे पिळून काढण्यासाठी त्या भोकात घाईघाईने एक्स्ट्रॅक्टर ठोकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तो कडक पण ठिसूळ असतो. आत तुटला की साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि दुखणे दुप्पट होते.

तेव्हा उपयोगी पडते ते ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र, ज्याला कारखान्यांत ईडीएम म्हणतात. १९४०च्या दशकात अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनी असे यंत्र बनवले, ते विमानाच्या ॲल्युमिनियमच्या भागांत तुटलेले ड्रिल आणि टॅप काढण्यासाठीच. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्याने ठिणग्यांनी धातू झिजण्याचा वेगळ्या वाटेने अभ्यास केला. भोसरी-चिंचवड किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड भागात साचे बनवणाऱ्यांकडे हे यंत्र असते, पण हेड तिथे घेऊन जावे हे फार थोड्या गाडीमालकांना ठाऊक आहे. घड्याळजींचा उपाय त्याहून जुना आहे. पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून विरघळवतात. पोलाद हळूहळू जाते, पितळ राहते. सुटा काढता येणाऱ्या लहान पितळी भागाला हा उपाय चालतो, अख्ख्या हेडला नाही.

बोल्ट निघाला, पण आटे गेले. त्यावर बहुतेक गॅरेजांत मिळणारा उपाय म्हणजे हेलिकॉइल, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या छेदाच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ८.३ मिलिमीटरचे ड्रिल, मग हेलिकॉइलचाच खास टॅप, मग स्प्रिंग पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवायची आणि तळाची शेपटी तोडायची. बोल्टला पोलादी आटे मिळतात, ॲल्युमिनियमवर येणारा भार आधीपेक्षा मोठ्या घेरावर पसरतो, आणि तार थोडी लवत असल्याने तो अनेक फेऱ्यांत वाटला जातो. साध्या आट्यांमध्ये एकट्या पहिल्या आट्यावर जवळजवळ एक-तृतीयांश भार येतो. वारंवार काढाव्या लागणाऱ्या प्लगसाठी किंवा हेड-बोल्टसाठी भरीव पोलादी बुश अधिक चांगला, कारण तो बोल्टबरोबर फिरून बाहेर येत नाही.

ज्या उपायांना नाही म्हणावे, तेही सांगतो. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणे, भोकात एम-सील भरणे, एक साइज मोठा बोल्ट ठोकून पिळणे, हे तात्पुरतेसुद्धा करू देऊ नका, कारण नंतरच्या खऱ्या दुरुस्तीला लागणारा धातूच त्यात संपतो. मिस्त्रींना विचारा, हेलिकॉइल लावणार की बुश? त्याचे पैसे न कुरकुरता द्या, नव्या हेडपेक्षा ते फारच थोडे असतात. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला, तेल बदलताना, चेंबरचा बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन फेरे बसवून मग टॉर्क पान्याने आवळायला सांगा.