दिवाळीच्या सुट्टीत एकटीच नेपाळला? जा, पण आधी हा कागद लिहा

हा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी इथं लिहून देतेय. बोलताना झालेली फालतू बडबड तेवढी काढून टाकलीय.

मागच्या भागात मी ओघात बोलून गेले, की दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस नेपाळमधल्या घान्द्रुक नावाच्या डोंगरगावात एकटी राहून आले. तेव्हापासून व्हॉइस नोट सुरूच आहेत. प्रश्न दोनच: घरचे हो कसे म्हणाले? आणि भीती नाही वाटली का?

आधी घरचं सांगते. आई म्हणाली, “एकटीच जातीस? कुणाला तरी संग घेऊन जा की.” तिचंही बरोबरच आहे. आपल्याकडं एकट्यानं जायची सवयच नाही. वारी दिंडीत, तिरुपती गाडी करून, लग्नाला तर अख्खी गल्ली. मी हुशारी केली. म्हणलं, “आपल्याच गावची जनाबाई लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेलीच ना?” आई शांतपणे म्हणाली, “तिला विठ्ठल होता. तुला कोण हाय?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी एक कागद घेतला आणि उत्तर लिहायला बसले. आजचा भाग म्हणजे तोच कागद.

नेपाळच का?

परदेशातला डोंगर म्हणलं की डोळ्यापुढं स्वित्झर्लंड येतं आणि लगेच खर्चही. नेपाळला मात्र भारतीयांना व्हिसा लागत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारापासून ये-जा मोकळी आहे. पण ओळखपत्र लागतंच: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. तरुण माणसाला विमानानं जायचं असेल तर नुसतं आधार कार्ड चालत नाही. जमिनीवरून जाणार असाल तरी या दोनपैकी एक जवळ ठेवा.

रस्ता असा. गंगाखेडहून परभणी, तिथून मनमाड. मनमाडहून गोरखपूरला थेट रेल्वे मिळते. गोरखपूरहून बसनं सुनौली, सीमा ओलांडली की भैरहवा, आणि तिथून पोखराची बस. पोखराहून जीप किंवा बसनं किम्चेच्या बाजूला जायचं आणि पुढं दगडी पायऱ्या चढायच्या. आपल्या बालाघाटाच्या डोंगराला डोंगर म्हणणाऱ्या माझी त्या पायऱ्यांनी चांगलीच जिरवली.

घान्द्रुक हे गुरुंग लोकांचं गाव आहे, साधारण 2,000 मीटर उंचीवर. दगडी घरं, अंगणात वाळत घातलेला मका, समोर 7,219 मीटरचं अन्नपूर्णा साऊथ आणि बाजूला माछापुच्छ्रे. या दुसऱ्या शिखरावर चढाईला बंदी आहे. गाव अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्यामुळं परवाना काढावा लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना तो इतर परदेशी लोकांपेक्षा स्वस्त आहे.

एकटं राहणं आणि एकटं ट्रेकिंग यात फरक आहे

हे नीट समजून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळनं परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाईड घेणं सक्तीचं केलंय. गावात राहणं वेगळं आणि तिथून पुढं उंचावर चालत जाणं वेगळं. पुढं जायचा विचार असेल तर परवाना काढतानाच गाईडचं विचारून घ्या. तिथं तुम्ही फक्त भारतीय नाही, परदेशी आहात.

उंचीचंही तसंच. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. असं झालं तर आणखी वर चढायचं नाही आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. एकट्या माणसाचा मोठा धोका हाच, की “तुझा चेहरा बरा दिसत नाही” असं सांगणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून मी गावातच राहिले.

पैसे, फोन, घड्याळ

भारतीय 100 रुपये म्हणजे नेपाळी 160 रुपये. हा दर ठरलेला आहे. मार्च 2024 पासून तिथल्या फोनपे कंपनीच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं. नाव सारखं असलं तरी ती आपली फोनपे नाही, घोळ करू नका. पण डोंगरात नेटवर्क गेलं की क्यूआर कोड नुसता भिंतीवरचा कागद. रोख पैसे पोखरातच काढून ठेवा. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी तपासा. तिथलं सिम घेतलं तरी आपलं सिम फेकून देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढं असतं. हसू नका, यावरून आमच्या घरी भांडण झालंय.

माझी चूक

ठरलं होतं, की रोज संध्याकाळी सातला फोन. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, लाईट गेली, मग नेटवर्कही गेलं. मी निवांत चुलीजवळ बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला, तेव्हा आईच्या पोटात रात्रीपासून अन्न नव्हतं. घरमालकिणीचा नंबर मी कागदावर लिहून दिला होता, पण पुढं 977 हा देशाचा कोड लिहायलाच विसरले. भाऊ रात्रभर तो नंबर लावत होता आणि तो लागतच नव्हता.

म्हणून तुमच्या कागदावर हे लिहाच: राहण्याच्या घराचा नंबर कोडसकट, जवळच्या दुसऱ्या एका घराचा नंबर, रोजचा बेत, आणि “24 तास फोन आला नाही तर आधी कुणाला लावायचा” हे. नेपाळ पोलीस 100, पर्यटक पोलीस 1144, हे नंबर तिथं असताना स्वतःजवळ हवेत. मुलींनी आणखी दोन गोष्टी पाळा. मुक्कामाला उजेडात पोहोचा, आणि वाटेत कुणी विचारलं तर “पुढं मैत्रीण थांबलीय” असं बिनधास्त ठोकून द्या.

आणि एकटेपणाचं काय?

खरं सांगते, पहिले दोन दिवस वाईट गेले. समोर हिमशिखर आणि मी मोबाईलमध्ये घरचे जुने फोटो बघत बसलेली. परत जावं वाटत होतं. नेटवर्क गेलं त्या दिवशी पहिल्यांदा मी घरमालकिणीजवळ जाऊन बसले. तिला सगळे दिदी म्हणतात, मीही म्हणू लागले. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळं पाट्या वाचता येतात. आपलं ‘किती’ ते त्यांचं ‘कति’. ‘तातो पानी’ म्हणजे गरम पाणी. एवढ्यावर माझी गाडी चालली.

तिथं आपल्या दिवाळीच्या दिवसांत तिहार असतो. एक दिवस कावळ्याचा, एक दिवस कुत्र्याचा. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा! मग लक्ष्मीपूजन. आणि आपल्या भाऊबीजेला त्यांची भाइटीका. दिदी भावाच्या कपाळावर सात रंगांचा टीका लावत होती, तेव्हा मला माझा भाऊ आठवला, रात्रभर चुकीचा नंबर लावत बसलेला. त्या दिवशी फोन मी ठरल्या वेळेआधीच लावला.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर: “तुला कोण हाय?” दिदी होती, आणि घरी कागद घेऊन बसलेले तुम्ही होतात. एकटं जायचं म्हणजे कुणाला न सांगता गायब व्हायचं नाही.

परतल्यावर आईनं तो कागद मागून घेतला आणि 977 स्वतःच्या हातानं लिहिलं. म्हणाली, “पुढच्या वेळंला लागंल.”

तुम्ही कुठं एकटे जाऊन आलात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!