मायदेशी परतलेल्यांचे परकेपण : बेने इस्रायली समाजाचे इस्रायलमधील स्थिरावणे

प्रस्तावना :

परदेशगमनाचा विचार करताना साधारणपणे असे गृहीत धरले जाते की, माणूस ओळखीचा मुलूख सोडून अनोळखी मुलखात जातो आणि तेथे हळूहळू रुजतो. कोकणातील बेने इस्रायली समाजाचे स्थलांतर या गृहीतकात बसत नाही. हा समाज इस्रायलला निघाला तो ‘आपल्या घरी परतत आहोत’ या भावनेने. भारतात त्याचा धर्माच्या कारणावरून छळ झाला नव्हता, त्यामुळे जीव वाचविण्यासाठी त्याला देश सोडावा लागला नाही. तरीही ज्या भूमीला तो शतकानुशतके प्रार्थनेतून स्मरत आला, त्या भूमीवर पाय ठेवल्यानंतर त्याला आपले परकेपण प्रथमच जाणवले. प्रस्तुत लेखात या समाजाच्या स्थिरावण्याचा विचार उपजीविका व भाषा, सामाजिक मान्यता आणि सांस्कृतिक स्मृती या तीन अंगांनी केला आहे. नव्या देशात घर व रोजगार मिळणे ही स्थिरावण्याची सुरुवात असते. ते पूर्ण होण्यासाठी त्या देशाने नवागताला बरोबरीचा मानणे आवश्यक असते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी :

बेने इस्रायली परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून कोकणात आले व त्यांपैकी सात जोडपी वाचली. ही घटना नेमकी केव्हाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रायगड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करीत असे. शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात. अठराव्या शतकापासून समाजातील अनेक कुटुंबे मुंबईस आली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पुढील काळात लष्कर, रेल्वे, टपाल, जकात आदी खात्यांतील नोकऱ्यांमुळे एक सुशिक्षित मध्यमवर्ग तयार झाला.

या समाजाची मातृभाषा मराठी होती आणि धर्मजीवनही बऱ्याच अंशी मराठीतूनच चालत असे. वल्हांडणाच्या सणाला वाचावयाची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. १८८० पासून जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. सणांनाही मराठी नावे होती : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. थोडक्यात, कोकणात ज्यू असणे आणि मराठी असणे यांत या समाजाला कधी विरोध जाणवला नाही.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातील प्रत्येक ज्यू व्यक्तीला तेथे जाऊन वसण्याचा हक्क दिला. त्या सुमारास बेने इस्रायलींची संख्या अंदाजे वीस हजार होती. धर्मभावना, नव्या राष्ट्राचे आकर्षण, ब्रिटिश गेल्यानंतर सरकारी नोकऱ्यांविषयी वाटू लागलेली अनिश्चितता आणि आधी गेलेल्या आप्तांची ओढ अशा अनेक कारणांनी १९५० व १९६० च्या दशकांत समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी देश सोडला. २०११ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास नोंदली गेली. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे ८५ हजार सांगितली जाते आणि त्यांत बेने इस्रायलींचा वाटा सर्वांत मोठा आहे.

उपजीविका आणि भाषा :

नव्या राष्ट्रात पहिल्या काही वर्षांतच लाखो स्थलांतरित दाखल झाले होते. त्यांची तात्पुरती सोय ‘मआबरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छावण्यांत, तंबू व पत्र्याच्या खोल्यांत केली जाई. पुढे सीमाभागात व वाळवंटात नवी गावे वसविण्याचे धोरण आखले गेले आणि नव्याने येणाऱ्यांना तिकडे पाठविले जाऊ लागले. बेने इस्रायली कुटुंबे बीरशेबा, १९५५ मध्ये वसलेले दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी स्थिरावली. समुद्राकाठच्या माडपोफळीच्या मुलखात वाढलेल्या आणि मुंबईच्या चाळींतून आलेल्या माणसांना नेगेवच्या वाळवंटातील दिमोना हे गाव किती वेगळे भासले असेल, याची कल्पना करता येते.

व्यवसायातील बदलही मोठा होता. मुंबईत कचेरीत कारकुनी करणाऱ्याला तेथे बांधकामावर, कापडगिरणीत किंवा कारखान्यात अंगमेहनतीचे काम स्वीकारावे लागले. लोद परिसरात विमानउद्योगाने अनेकांना रोजगार दिला. तथापि पहिल्या पिढीच्या दृष्टीने हा बदल प्रतिष्ठेतील घसरणीचा होता. या समाजाजवळची इंग्रजी मुंबईत मानाची होती, पण रोजच्या व्यवहारात हिब्रूवाचून अडत असे.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. बेने इस्रायलींना हिब्रू अगदीच अपरिचित नव्हती. प्रार्थनेत ती होतीच. परंतु प्रार्थनेची हिब्रू आणि बाजारात भाजी घेण्याची हिब्रू यांत फार अंतर असते. स्थलांतरित प्रौढांसाठी ‘उल्पान’ नावाचे हिब्रूचे वर्ग १९४९ पासून सुरू झाले होते. घराबाहेर काम करणारे पुरुष, शाळेत जाणारी मुले आणि सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल होणारे तरुण ही भाषा लवकर शिकले. घरातल्या वृद्ध स्त्रिया मात्र मागे राहिल्या. कोकणात जिच्या शब्दाला घरात वजन होते, त्या आजीला दवाखान्यात नातवाला दुभाष्या म्हणून न्यावे लागले. स्थलांतरितांच्या घरांत वडीलधाऱ्यांचा अधिकार असा भाषेच्या वाटेने कमी होतो. शासनाने बांधलेल्या लहान सदनिकांत एकत्र कुटुंब मावणेही कठीण होते. त्यामुळे नातेवाइकांनी एकाच वस्तीत जवळजवळ राहणे हाच एकत्र कुटुंबाला पर्याय ठरला.

मान्यतेचा प्रश्न :

उपजीविकेच्या अडचणी सर्वच स्थलांतरितांच्या वाट्याला आल्या. बेने इस्रायलींना याशिवाय आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले. रंगावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करीत १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातील काहींनी धरणे धरले आणि ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली. १९५२ मध्ये त्यांना परत आणण्यात आले. यांतील अनेक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले, ही बाबही तितकीच बोलकी आहे. त्यांचे भांडण त्या भूमीशी नव्हते, तेथे मिळणाऱ्या वागणुकीशी होते.

याहून खोलवर जाणारा वाद विवाहाच्या संदर्भात उद्भवला. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची तरतूद नाही. १९५३ च्या कायद्यानुसार ज्यूंचे विवाह व घटस्फोट धर्मपीठाच्या अधिकारात येतात. बेने इस्रायली समाज अनेक शतके इतर ज्यूंपासून दूर राहिला होता. त्यामुळे त्याच्यातील पूर्वीचे घटस्फोट व विधवांचे पुनर्विवाह धर्मशास्त्राच्या नियमांनुसार झाले होते काय, अशी शंका काही धर्मगुरूंनी उपस्थित केली व काही ठिकाणी विवाह लावण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाच्या परिषदेने या समाजाशी विवाह करण्यास प्रत्यवाय नाही, असा निर्णय दिला. परंतु १९६२ च्या आरंभी काढलेल्या सूचनांत अशा विवाहापूर्वी संबंधित व्यक्तीच्या मागील पिढ्यांची, विशेषतः आईकडील पिढ्यांची, चौकशी करण्यास सांगण्यात आले.

या सूचनेचा अर्थ सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने काय होता, हे समजून घेणे आवश्यक आहे. परतीच्या कायद्याने ज्याला ज्यू म्हणून नागरिकत्व दिले, त्याच माणसाला लग्नाच्या वेळी आजीपणजीच्या कुळाचा पुरावा मागितला जाणार होता. पेण किंवा रोह्याजवळच्या खेड्यात शतकापूर्वी झालेल्या लग्नाची कागदपत्रे कोठून आणायची? शिवाय हा पुरावा एका विशिष्ट समाजाचे नाव घेऊन मागितला जात होता, याची वेदना अधिक होती. १९६२ ते १९६४ या काळात समाजाने सभा, निवेदने, निदर्शने व धरणे या मार्गांनी लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन तीव्र झाले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या शासनाला यात लक्ष घालावे लागले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेच्या खास अधिवेशनात भारतातील बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असून वैयक्तिक कायद्यासह सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे आहेत, ही भूमिका स्पष्ट करण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतील ‘बेने इस्रायल’ हा उल्लेख काढून टाकला.

या लढ्याचे महत्त्व त्याच्या निकालापुरते मर्यादित नाही. धरणे, निवेदन, संसदेकडे दाद ही सर्व नागरिकाची साधने आहेत. परत पाठवा असे म्हणणारी १९५१ ची मागणी आणि आम्हाला येथेच बरोबरीने वागवा असे म्हणणारी १९६४ ची मागणी यांत तेरा वर्षांचे अंतर आहे. हा समाज इस्रायलमध्ये रुजला कधी, असे विचारल्यास या दोन मागण्यांमधील फरक हेच त्याचे उत्तर म्हणता येईल.

स्मृतीचे जतन :

बरोबरीची मान्यता मिळाल्यानंतर आपले वेगळेपण लपविण्याची गरज उरली नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मलिदा’. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे व फळे यांचा मलिदा करून आभाराची प्रार्थना म्हणण्याची ही प्रथा बेने इस्रायलींचे वैशिष्ट्य होय. अलिबागजवळील खंडाळे गावी एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. इस्रायलमध्ये गेल्यावर या श्रद्धेला हैफा येथील कार्मेल डोंगरातील एलियाच्या गुहेत नवे स्थान मिळाले. ज्या प्रेषिताचे स्मरण कोकणात केले जाई, त्याच्या मूळ भूमीत पोह्यांचा मलिदा पोहोचला. मूळ भूमी आणि सोडलेला मुलूख एकाच पूजेत एकत्र येण्याचे असे उदाहरण विरळाच.

लग्नाआधीच्या मेंदीच्या कार्यक्रमाचेही असेच झाले. कोकणात तो घरगुती विधी होता. इस्रायलमध्ये भरजरी साड्या, बांगड्या व मराठी गाणी यांसह तो समाजाची ओळख सांगणारा समारंभ झाला. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र कोकणचा वारसा धर्मनियमांशी आधीपासूनच जुळलेला होता. ज्यू धर्मात मांस व दूध एकत्र शिजविणे निषिद्ध आहे. नारळाच्या दुधाच्या रश्श्यामुळे ती अडचण कोकणातच दूर झाली होती. नारळ न पिकणाऱ्या प्रदेशातही ही चव टिकून आहे, हे विशेष.

भाषेचे चित्र मात्र संमिश्र आहे. १९८० च्या दशकात इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. स्त्रियांच्या मंडळांनी मराठी कीर्तने व गीते जपली. १९९२ मध्ये भारत व इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यावर ये-जा सुलभ झाली आणि नातवंडे आजोबांचे गाव पाहण्यास येऊ लागली. असे असले तरी इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांची भाषा हिब्रू आहे. त्यांतील अनेकांना मराठी थोडीफार कळते. वाचता येणारे फार थोडे. विधी टिकला, पण त्याला अर्थ देणारी भाषा क्षीण झाली. मलिद्याचे ताट पुढच्या पिढीच्या हाती देणे सोपे असते. देवनागरी लिपी देण्यासाठी शाळा लागते.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, नव्या देशातील स्थिरावणे एका रेषेत होत नाही. रोजगार काही वर्षांत मिळतो, भाषा एका पिढीत येते, परंतु प्रतिष्ठेसाठी झगडावे लागते. दुसरे असे की, बरोबरीची मान्यता व वेगळेपणाचे जतन या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. तिसरा निष्कर्ष मराठी भाषकांच्या विचाराचा आहे. कोकणात असताना बेने इस्रायलींचे मराठीपण कोणी मुद्दाम जपले नव्हते. ते पाण्यातल्या माशाला पाणी असावे तसे सहज होते. देश सोडल्यावर ते जपण्याची गोष्ट झाले. आज परदेशात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीचा अभ्यास करताना, बेने इस्रायलींच्या सत्तर वर्षांच्या या अनुभवाचा विचार व्हावयास हवा. मराठीच्या अध्यापकांपुढे त्यातून एक काम स्पष्टपणे उभे राहते. या समाजातील मराठी बोलणारी अखेरची पिढी हयात आहे, तोवर तिच्या बोलीचे, कीर्तनांचे व आठवणींचे संकलन होणे निकडीचे आहे.