काळ्या आंब्याची शाई

"मावशी, गणितात माझं पानिपत झालं!"

सहामाहीचा पेपर हातात धरून मिनू दारातच उभी होती. शंभरपैकी एकतीस. मिनू ही माझी भाची. दिल्लीत जन्मली, दिल्लीतच वाढली, शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलते. पण हरल्यावर तोंडून शब्द निघाला तो अस्सल मराठी. गंमत आहे बघा, आपल्या भाषेत सपाटून हरण्याला एका गावाचं नाव आहे.

"खरं पानिपत बघितलंयस का कधी?" मी विचारलं.

"ते इतिहासाच्या पुस्तकात असतं ना?"

"पुस्तकात असतं आणि जी. टी. रोडवरही असतं. इथून फार तर नव्वद किलोमीटर."

दसऱ्याची सुट्टी लागलीच होती. निघालो. वाटेत मिनू खिडकीला नाक लावून गप्प बसली होती. बाहेर मात्र शरद ऋतू जोरात होता. पाऊस धुऊन गेलेलं निळं आभाळ, पिवळी पडायला लागलेली भातशेतं, बांधावर काशाचे पांढरे तुरे. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात या दिवसांत झाडं लालभडक होतात आणि पानं गळतात. आपल्याकडे तसं होत नाही. आपली पानगळ शिशिरात, म्हणजे थंडी सरताना. शरदात आपल्याकडे रंग असतो तो आभाळाचा आणि झेंडूचा. (दिल्लीकरांना हे निळं आभाळ थोडेच दिवस मिळतं. मग शेतातला पेंढा जाळल्याचा धूर येतो आणि सगळं करडं होऊन जातं. म्हणूनही मी घाई केली.)

काला अंब पानिपत शहराच्या जरा बाहेर आहे. काला अंब म्हणजे आपल्या भाषेत काळा आंबा. १४ जानेवारी १७६१ ला या मैदानात मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली यांची लढाई झाली. त्याआधी अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतात अडकून पडली होती. धान्य संपत आलं होतं, आणि छावणीत सैनिकांबरोबर बायका, मुलं, यात्रेकरूही होते. शेवटी उपाशीपोटी लढाईला निघाले. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडला, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ पडले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दरवर्षी १४ जानेवारीला इथं माणसं जमतात. महाराष्ट्रातून येतात, आणि हरियाणातले रोड मराठा समाजाचे लोकही येतात. लढाईनंतर जे मराठे इकडेच राहिले, ते आपले पूर्वज असं ते सांगतात.

आम्ही गेलो तेव्हा मात्र कुणीच नव्हतं. गवत, झाडं, मधोमध विटांचा एक खांब आणि भोवती लोखंडी कुंपण. मिनूनं इकडेतिकडे पाहिलं.

"आंबा कुठाय?"

आंबा आता नाही. लोक सांगतात ती गोष्ट अशी की लढाईत इतकं रक्त सांडलं की इथलं आंब्याचं झाड काळं पडलं. त्याचं फळ कापलं की आतून काळपट लाल रस निघे. मी हे सांगत असताना मिनूचा चेहरा आणखी उतरला. आणि मग तिनं विचारलं, "पण खरंच होतं का असं? रक्तानं झाड काळं होतं?"

इथं तुमच्या मावशीनं शहाणपणा करायचं ठरवलं.

तुम्ही जुन्या लोखंडी विळीवर कैरी चिरताना पाहिलंय? फोडींच्या कडा काळ्या पडतात, विळीचं पातं काळंनिळं होतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तोही काळाकुट्ट होतो. याचं कारण टॅनिन. चहाचा कडक घोट घेतला की जीभ आक्रसल्यासारखी वाटते ना? ते टॅनिनचंच काम. आंब्याच्या पानात, सालीत, कच्च्या फळात ते भरपूर असतं. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. म्हटलं, आंब्यात टॅनिन, रक्तात लोखंड, झालं की कोडं सुटलं! मिनूला मी तसं सांगूनही टाकलं.

मिनूनं जरा विचार केला. "रक्तात लोखंड असतं किती?"

आली पंचाईत. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोखंड असतं, म्हणजे एका खिळ्याएवढं. त्यातलंही बहुतेक हिमोग्लोबिनच्या आत घट्ट अडकलेलं असतं, ते विळीच्या लोखंडासारखं सहज सुटून येत नाही. शिवाय झाडाची मुळं रक्त शोषून पानापर्यंत नेत नाहीत. माझा सिद्धांत तिथल्या तिथे कोसळला. गणितात एकतीस मिळवणाऱ्या मुलीनं एक प्रश्न विचारला आणि पाडला!

पण आंबा खरोखर काळा पडू शकतो, आणि ती करामत एका इवल्याशा किड्याची असते. तुडतुडे नावाचे किडे आंब्याचा रस शोषतात आणि पोटातून गोड चिकट थेंब पानांवर सोडतात. त्या गोडव्यावर काळी बुरशी वाढते. पानावर काजळी धरल्यासारखी दिसते, बोटानं पुसली तर बोटाला लागते. काला अंबच्या झाडाला तेच झालं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्यावरची बुरशी तपासायला तेव्हा कुणी गेलं नव्हतं. आणि इतकी माणसं गेल्यावर मागे राहिलेल्यांना एखादं झाड काळं दिसलं, तर त्यांच्याशी वाद कशाला घालायचा?

परत येताना एका गावात चहाला थांबलो. शेजारच्या घराची भिंत शेणानं सारवलेली होती आणि त्या भिंतीवर एक बाई होती. खरी नव्हे, मातीची! चेहरा, हात, पाय, दागिने, सगळं मातीच्या छोट्या छोट्या तुकड्यांचं. भोवती चांदण्याच चांदण्या, कोपऱ्यात चंद्र. चार मुली ओट्यावर बसून आणखी चांदण्या करत होत्या. मातीचा गोळा, तळहातावर चपटा, बोटानं पाच टोकं काढली, ठेवली उन्हात. पुन्हा गोळा.

ही सांझी. हरियाणात नवरात्रात मुली भिंतीवर सांझी मांडतात. मातीचे तुकडे वाळवायचे, रंगवायचे, शेणानं भिंतीवर चिकटवायचे, आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणायची. दसऱ्याला तिला भिंतीवरून उतरवतात, भोकं पाडलेल्या मडक्यात दिवा लावतात आणि रात्री गावच्या तळ्यात सोडतात. मुलगे काठ्या घेऊन पाण्यात उतरतात आणि मडकं पलीकडच्या काठाला लागायच्या आत फोडायला बघतात.

मी चक्क उडालेच. कारण याच दिवसांत आपल्याकडे काय असतं? भोंडला! सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. कुठे त्याला हादगा म्हणतात. विदर्भात भुलाबाई असते, खानदेशात गुलाबाई. पावसाळा संपला, शेतातली धांदल सुरू व्हायला थोडा वेळ आहे, संध्याकाळी आभाळ स्वच्छ आहे, की दोन्हीकडच्या मुली माती नाहीतर रांगोळी घेऊन बसतात. फक्त खिरापत ओळखायचा खेळ मला त्या गावात दिसला नाही. ते मात्र आपलंच असावं, आणि माझ्या मते तोच भाग सगळ्यात भारी आहे.

मी ही सगळी तुलना करत होते तोवर मिनू ओट्यावर जाऊन बसली होती. एका मुलीनं न बोलता मातीचा गोळा तिच्या हातात दिला. पहिली चांदणी वाकडी झाली. दुसरीला सहा टोकं आली. दहाव्या चांदणीला ती गुणगुणत होती. पाऊण तासानं मी हाक मारली तर म्हणते, "थांब ना, अजून चार राहिल्यात." एकतीस मार्क कुठे गेले होते कोण जाणे.

आता हे नेमकं काय झालं? मिनूला कुणी समजावलं नाही की लेक्चर दिलं नाही. मग मन हलकं कशानं झालं?

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. काही संकट आलं, भीती वाटली की त्या कॉर्टिसोल नावाचं रसायन रक्तात सोडतात. ते वाईट नाही, त्यानं अंगात लढायची ताकद येते. पण परीक्षा होऊन गेली, अंगावर आलेला कुत्रा निघून गेला, तरी ते रेंगाळत राहिलं की मन जड जड वाटतं. आणि मजा म्हणजे ते थुंकीतूनही मोजता येतं! अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. ३९ मोठ्या माणसांना माती, रंगीत पेनं आणि कागदाचे तुकडे दिले आणि ४५ मिनिटं हवं ते करा म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर थुंकी तपासली. चारांतल्या साधारण तिघांचं कॉर्टिसोल कमी झालं होतं. ज्यांना चित्रकला येत होती आणि ज्यांना बिलकूल येत नव्हती, दोघांनाही फायदा सारखाच. हे २०१६ मध्ये छापून आलं. आता खवचट प्रश्न विचारणाऱ्यांसाठी सांगते: नुसतं गप्प बसलेल्या माणसांचा वेगळा गट त्यात नव्हता, त्यामुळे केवळ बसल्यानं किती फरक पडला असता ते यातून कळत नाही. आणि चौथ्या माणसाचं काय? सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. २००५ मधला, तोही अमेरिकेतलाच. ८४ विद्यार्थ्यांना आधी जरा काळजीत पाडलं, मग रंगवायला दिलं. काहींना गोल नक्षी, काहींना चौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद. नक्षी रंगवणाऱ्यांची काळजी कमी झाली, कोऱ्या कागदवाल्यांची तेवढी नाही. मला वाटतं, मन आधीच गोंधळलेलं असताना "काय काढू?" हा आणखी एक प्रश्न नको असतो. चांदणीमागून चांदणी, ठिपक्यामागून ठिपका, हे मात्र जमतं. रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या आजीला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं.

घरी आलो आणि मिनूनं जाहीर केलं, "मावशी, तुझा सिद्धांत चुकला, पण त्याची शाई होईल का?"

झाली! तुम्हीही करा. जुने गंजके खिळे काचेच्या बाटलीत घाला आणि ते बुडतील एवढं पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, तो हायड्रोजन वायू आहे. म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही, नुसतं वर ठेवायचं, आणि बाटली गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवायची. आठवडाभरात पाणी पिवळट-तांबूस होईल. हे झालं लोखंडाचं पाणी. मग मूठभर आंब्याची पानं घ्या. दसऱ्याच्या तोरणाची वाळलेली पानंही चालतात, आम्ही तीच वापरली. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन अर्धा तास उकळा, गाळा. पानं नसली तर कडक कोरा चहा घ्या.

आता ब्रश पानांच्या पाण्यात बुडवून कागदावर चित्र काढा. फिकट तपकिरी, दिसेल न दिसेलसं. वाळू द्या. मग दुसऱ्या ब्रशनं त्यावरून लोखंडाचं पाणी फिरवा आणि बघत राहा. रेषा आधी करडी होते, मग हळूहळू काळी. हवेतला प्राणवायू मिसळत जातो तसतसा रंग गडद होतो. म्हणजे तुमचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर श्वास घेत असतं! मिनू पहिल्यांदा पाहताना स्वतःचाच श्वास रोखून बसली होती.

कलमकारीचे कारागीर पिढ्यान्पिढ्या टॅनिन आणि लोखंडाच्या याच भेटीतून काळा रंग करतात. ते कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवतात. हिरड्यात टॅनिन खच्चून भरलेलं असतं. तुम्ही डाळिंबाची साल उकळून पाहा, काळ्याऐवजी हिरवट करडा रंग येईल. किंवा अख्खा कागद चहात बुडवून वाळवा, खाली पडलेल्या पिंपळपानाला लोखंडाचं पाणी लावा आणि कागदावर दाबा. पानाची शीर न् शीर उमटते. झाडावरचं पान तोडू नका, खाली पुष्कळ पडलेली असतात.

मिनूनं काय काढलं म्हणता? विटांचा खांब, आणि त्याच्या शेजारी एक आंब्याचं झाड, काळंभोर, पानोपानी पाच टोकांच्या चांदण्या. गणिताचा पेपर तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःहून काढला आणि पहिलं चुकलेलं गणित पाठीमागच्या कोऱ्या जागेत पुन्हा सोडवलं. कशानं लिहिलं असेल?

तुम्ही कराल तेव्हा चित्राच्या मागे तारीख घाला आणि आठवड्यानं पुन्हा बघा, काढलं तेव्हापेक्षा ते जास्त काळं असेल. शाई तोंडात घालायची नाही आणि शाळेचा गणवेश घालून बसायचं नाही. हा डाग साबणानं निघत नाही. मिनूचा एक पांढरा शर्ट सध्या करडा आहे.