टर्बो कारचं इंजिन घरीच बदलताय? आधी हे वाचा

टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन आणि जास्त ताकद. म्हणून काही जण रीमॅप करून बूस्ट वाढवतात, तर काही थेट दुसरं इंजिन बसवतात. पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक मूळ ताकदीसाठीच बनलेले असतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन खराबच झालं असेल, तर त्याच प्रकारचं बसवा आणि आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन नंबर नोंदवा. नाहीतर अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो.