नेल टेक्निशियनचा कोर्स निवडताना: फी भरण्याआधी काय बघाल?



आज नेहमीच्या पाठाऐवजी थोडा वेगळा विषय. मागच्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीची आई शाळेत आली. ही मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती आणि तिची चित्रकलेची वही बघतच राहावी अशी असायची. आता बारावी झालीय आणि तिला नेल आर्ट शिकायचंय. आईच्या हातात एका अकादमीचं गुळगुळीत पत्रक होतं. पाच दिवसांचा 'मास्टर कोर्स', फी ३५ हजार, किट मोफत, वर 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र. बचत गटातून कर्ज काढायची तयारीही झाली होती. "मॅडम, भरू का पैसे?" असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. मग आठवडाभर वाचलं, ओळखीच्या एका नेल टेक्निशियनकडे दोन संध्याकाळी जाऊन बसले. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी हे काम काय आहे ते बघू. नखांवर नक्षी काढणं हा त्याचा एक छोटा भाग. रोजचं उत्पन्न येतं ते जेल पॉलिश, एक्स्टेंशन, दोन-तीन आठवड्यांनी होणारं रिफिल आणि जुनं काढून देणं यातून. म्हणून पत्रकात नुसत्या फुलांच्या, चमकीच्या डिझाइन्सची यादी असेल तर सावध व्हा. पहिला प्रश्न असा विचारा : "लावलेलं काढायला शिकवता का?" ॲसिटोनमध्ये भिजवून, नखाला न खरवडता काढणं हे कौशल्याचं काम आहे. घाईत ओरबाडून काढलं की नखाचे थर निघून येतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे खराब झालेलं नख पूर्ण नवं यायला सहा महिने जातात. तोवर ते गिऱ्हाईक परत कशाला येईल?

दुसरी गोष्ट रसायनांची, आणि इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला. ॲक्रिलिकमध्ये एक द्रव आणि एक पावडर असते. या द्रवात ईएमए नावाचं द्रव्य असतं, पण स्वस्त मालात त्याऐवजी एमएमए सापडतं. एमएमएची नखं इतकी कडक होतात की हात कुठे अडकला तर कृत्रिम नखाआधी खरं नख तुटतं, आणि ती ॲसिटोनमध्ये नीट विरघळतही नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच निव्वळ एमएमए असलेल्या नखांच्या द्रवांवर कारवाई केली होती. जेलचंही तसंच. दिव्याखाली पूर्ण न वाळलेलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती बहुधा जन्मभराची. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं. तुमची मुलगी मात्र रोज आठ तास त्यात हात घालणार! टीपीओ हे जेलमधलं द्रव्य युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचायला शिकवतात का, हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याबद्दल बोलतात का, हे विचाराच. "आमचं प्रॉडक्ट एकदम सेफ आहे" हे काही उत्तर नव्हे.

स्वच्छतेचं थोडक्यात : धातूची अवजारं आधी साबण-पाण्याने धुऊन, मग जंतुनाशकात बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकी बुडवायची असतात. फाइल आणि बफर एका माणसाचे दुसऱ्याला वापरायचे नाहीत. वर्गातच एक फाइल पाच जणींत फिरत असेल तर तिथून उठून यावं.

आता सराव. आपल्याला डीएडचे सराव पाठ आठवतात ना? टाचण काढायचं, पाठ घ्यायचा, मागे बसलेले सर वहीत लाल शाईने शेरे द्यायचे. मला शिकवायला त्या लाल शाईने शिकवलं, व्याख्यानांनी नव्हे. इथेही तेच विचारा. एका बॅचमध्ये किती मुली? प्लास्टिकच्या हातावर किती सराव, खऱ्या माणसाच्या हातावर किती? ड्रिल मशीन मुलीच्या हातात देतात की नुसतं दाखवतात? कोर्सनंतर अडलं तर परत येऊन बसता येतं का? कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टच्या परवान्यासाठी ४०० तासांचं प्रशिक्षण लागतं. आपल्याकडे असा परवानाच नाही, म्हणून पाच दिवसांतही कोणी 'मास्टर' होतं.

प्रमाणपत्राबद्दल पालक फार भुलतात. भिंतीवरचं आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, त्याने अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. सरकारी चौकटीतला कोर्स असेल तर तो एनएसक्यूएफच्या कोणत्या पातळीचा आहे आणि परीक्षा कोण घेतं, हे संस्थेला सांगता आलं पाहिजे. या क्षेत्रासाठी ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. त्यात नखं हा एक भाग आहे, सगळं तेच नाही. पण त्वचा, केस, स्वच्छता यांचा पाया पक्का होतो. कमी शिकलेल्या महिलांसाठी जन शिक्षण संस्थानांतही कमी शुल्कात ब्यूटीचे वर्ग चालतात. खाजगी अकादमी वाईटच असते असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी खरंच जीव ओतून शिकवतात.

'मोफत किट' म्हणजे काय, हे मात्र नावानिशी लिहून घ्या. दिवा किती वॅटचा, कोणत्या कंपनीचं जेल, किती बाटल्या. फीची पावती आणि मध्येच सोडल्यास पैसे किती परत, हेही कागदावर हवं.

त्या मायलेकी हे प्रश्न घेऊन पुन्हा अकादमीत गेल्या. चालू वर्ग तासभर बघू द्या म्हटल्यावर त्यांना नकार मिळाला, वर "आज भरलं तर पाच हजार कमी" असं ऐकायला मिळालं. पैसे त्यांनी भरले नाहीत. सध्या मुलगी घरी आईच्या नखांवर साध्या नेलपॉलिशने हात बसवतेय, आणि सोमवारी दोघी तालुक्याच्या आयटीआयमध्ये चौकशीला जाणार आहेत. काय ठरतंय ते कळवेनच.